रिपोर्टमधील आकड्यापुढची बारीक अक्षरे

रक्ततपासणीचा रिपोर्ट हल्ली डॉक्टरांच्या टेबलावर येण्यापूर्वीच मोबाइलवर येऊन पोहोचतो. दवाखान्यात येईपर्यंत तो घरातील तीन-चार जणांच्या नजरेखालून गेलेला असतो. कुठे ठळक छापलेला आकडा दिसला, कुठे वर जाणारा बाण दिसला, की घरभर काळजी पसरते. ‘बाबांचं क्रिएटिनिन शंभराच्या वर गेलंय’, ‘आईची शुगर पंधरावर आलीय’, ‘प्लेटलेट फक्त एकशे ऐंशी उरल्यात’, असे फोन कोणत्याही कुटुंब-डॉक्टराला नवे नाहीत. वरवर पाहता तिन्ही बातम्या सारख्याच भयंकर वाटतात. प्रत्यक्षात यांतील पहिली बहुतेक वेळा फारशी चिंतेची नसते, दुसरीकडे त्वरित लक्ष द्यावे लागते आणि तिसरी तर चक्क चांगली बातमी असते. गोंधळाचे कारण मात्र तिन्ही ठिकाणी एकच: आकडा वाचला गेला, पण त्याच्यापुढे बारीक टायपात छापलेली अक्षरे वाचली गेली नाहीत.

ती अक्षरे म्हणजे मोजमापाचे एकक. वाण्याला नुसते ‘साखर पाच द्या’ म्हटले तर तो विचारणारच, पाच काय, किलो की पोती? रिपोर्टमधला आकडाही एककाशिवाय असाच अर्धवट असतो. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्या वाचकांनी शेर, मण, पायली ही मापे लहानपणी ऐकलेली आहेत. १९५६च्या कायद्यानंतर आपल्याकडे किलो-ग्रॅम टप्प्याटप्प्याने रुळले. मधल्या काळात दोन्ही मापे बाजारात एकत्र नांदत होती आणि हिशेब करताना ‘कोणत्या मापाने?’ असे विचारावेच लागे. वैद्यकीय प्रयोगशाळांच्या जगात तसा दुहेरी मापांचा काळ अजून संपलेला नाही. म्हणूनच तो प्रश्न विचारण्याची जुनी सवय आपल्याला आजही उपयोगी पडणारी आहे.

रिपोर्टमध्ये ही अक्षरे रोमन लिपीत असतात. या लेखात त्यांचे उच्चार देवनागरीत दिले आहेत. आपला एखादा जुना रिपोर्ट शेजारी ठेवून हा लेख वाचल्यास ओळख पटणे सोपे जाईल.

चार रकाने, एक वाक्य

बहुतेक रिपोर्टमध्ये चार रकाने असतात: तपासणीचे नाव, आलेला आकडा, एकक आणि संदर्भ पल्ला, म्हणजे निरोगी व्यक्तींमध्ये साधारणपणे आढळणारी किमान व कमाल मर्यादा. हे चारही रकाने मिळून एक वाक्य पुरे होते. दुसऱ्या रकान्यावर नजर खिळवून ठेवली तर वाक्य अर्धेच वाचले जाते.

एककात बहुधा मध्ये एक तिरपी रेघ असते. त्या रेघेचा अर्थ ‘मध्ये’ किंवा ‘दर’ असा घ्यावा. ‘एमजी/डीएल’ म्हणजे दर डेसिलिटरमध्ये इतके मिलिग्रॅम. रेघेच्या आधी आहे ते मोजलेल्या पदार्थाचे माप आणि रेघेनंतर आहे ते ज्यात मोजले त्या रक्ताचे किंवा लघवीचे माप. एवढे लक्षात घेतले की निम्मी अक्षरे आपोआप सुटी होतात.

ग्रॅमची शिडी

वजनाची मापे एखाद्या शिडीसारखी असून तिची प्रत्येक पायरी हजारपटीने खाली उतरते. ग्रॅमचा हजारावा भाग मिलिग्रॅम, त्याचा हजारावा मायक्रोग्रॅम, त्याचा हजारावा नॅनोग्रॅम आणि त्याचाही हजारावा पिकोग्रॅम. रिपोर्टमध्ये ती अनुक्रमे ‘जी’, ‘एमजी’, ‘एमसीजी’, ‘एनजी’ आणि ‘पीजी’ अशी दिसतात. रक्तात भरपूर असणारे हिमोग्लोबिन ग्रॅममध्ये मोजतात, साखर व कोलेस्टेरॉल मिलिग्रॅममध्ये, लोह मायक्रोग्रॅममध्ये, ड जीवनसत्त्व नॅनोग्रॅममध्ये आणि बी-१२ पिकोग्रॅममध्ये. पदार्थ जितका विरळ, तितकी शिडीची खालची पायरी.

आकारमानाकडे वळू. डेसिलिटर म्हणजे १०० मिलिलिटर, साधारण एक कप चहा. जुन्या रिपोर्टवर ‘एमजी टक्के’ असे लिहिलेले असे, त्याचाही अर्थ हाच. उपाशीपोटी साखर १०० आली, याचा अर्थ एका कपभर रक्तात १०० मिलिग्रॅम साखर. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते, असे धरले तर सगळ्या रक्तात मिळून ही साखर जेमतेम पाच ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा भरते. शरीर किती बारीक तराजूवर हा समतोल राखत असते, हे यावरून कळते.

मायक्रोग्रॅमचे चिन्ह विशेष सांभाळून वाचावे. ते दोन प्रकारे लिहितात: ‘एमसीजी’ या अक्षरांनी, किंवा ग्रीक अक्षर ‘म्यू’ वापरून. हे अक्षर डावीकडे खाली शेपूट असलेल्या ‘यू’सारखे दिसते आणि हाताने लिहिल्यास ‘एम’ समजले जाण्याची भीती असते. मायक्रोच्या जागी मिली वाचले की चूक थेट हजारपट होते. थायरॉइडच्या गोळ्यांच्या बाटलीवर २५, ५० किंवा १०० असे आकडे असतात, ते मायक्रोग्रॅम असतात. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.१ मिलिग्रॅम. एका चिठ्ठीवर ‘०.१ एमजी’ आणि बाटलीवर ‘१०० एमसीजी’ असे दिसले, तर डोस बदलला असे समजू नये. मात्र शंका आली की औषध देण्यापूर्वी विचारावे.

वजन की कणांची संख्या?

आपल्याकडे आणि अमेरिकेत रक्तातील साखर वजनाने मोजतात: मिलिग्रॅम दर डेसिलिटर. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे ती कणांच्या संख्येने मोजतात: मिलिमोल दर लिटर, अर्थात ‘एमएमओएल/एल’. मोल हे कणांच्या मोजदादीचे एकक आहे. डझन म्हटले की बारा, तसे मोल म्हटले की एक ठरलेली, अतिप्रचंड संख्या. १९७१ साली त्याचा आंतरराष्ट्रीय एककांच्या पद्धतीत समावेश झाला. शरीरातील रासायनिक क्रिया कणाला कण भिडून घडतात, म्हणून कण मोजणे अधिक शास्त्रशुद्ध, असा त्यामागील विचार आहे.

तत्त्व काहीही असो, अडचण व्यवहारात येते. मुलगा लंडनला, मुलगी मेलबर्नला आणि आईवडील नाशिकला किंवा साताऱ्याला, अशी घरे आता पुष्कळ आहेत. मुलांकडे सहा महिने राहून परतताना आईवडील तिथले रिपोर्ट घेऊन येतात. कधी मुले तिथले साखर मोजण्याचे यंत्र भेट म्हणून पाठवतात. साखरेचा कण ठरावीक वजनाचा असल्याने दोन्ही मापांमधला हिशेब सोपा आहे: मिलिमोलच्या आकड्याला १८ने गुणले की आपल्या ओळखीचा आकडा मिळतो. उपाशीपोटी ७.० म्हणजे १२६, १०.० म्हणजे १८०; ४.० म्हणजे ७२.

आता लेखाच्या आरंभीची ‘पंधरावर आलेली शुगर’ पाहा. परदेशी यंत्रावरचे १५ म्हणजे आपले २७०. घरच्यांनी ते मिलिग्रॅम समजून ‘साखर एकदम उतरली’ म्हणून ग्लुकोजचे पाणी पाजले, तर आधीच वाढलेली साखर आणखी वाढेल. उलट बाजूने, यंत्रावर ३.२ दिसले, तर ते दशांश चिन्ह असलेले क्षुल्लक काही समजून दुर्लक्ष करता येणार नाही, कारण ते आपले ५८ आहेत. ७० मिलिग्रॅमच्या खाली, म्हणजेच ३.९ मिलिमोलच्या खाली साखर गेली आणि घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसू लागला, तर शुद्धीवर असलेल्या रुग्णाला ताबडतोब साखर द्यावी लागते. घरात साखर मोजण्याचे यंत्र असेल तर ते कोणते एकक दाखवते, हे त्यावर चिकटपट्टी लावून मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवावे.

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, हिचेही दोन चेहरे आहेत. आपल्याकडे ती टक्क्यांत येते, ब्रिटनमध्ये मिलिमोल दर मोलमध्ये. आपले ६.५ टक्के तिथे ४८ होतात आणि ७ टक्के ५३. शिवाय साखर ७ मिलिमोल आणि एचबीएवनसी ७ टक्के या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. दोन्हीकडे सात दिसले म्हणून त्यांची तुलना करू नये.

प्रत्येक पदार्थाचा हिशेब वेगळा

अठराने गुणण्याचा नियम साखरेपुरताच आहे. प्रत्येक पदार्थाच्या कणाचे वजन वेगळे, म्हणून प्रत्येकाचा गुणक वेगळा. नेहमी लागणारी काही उदाहरणे अशी:

• क्रिएटिनिन: १.२ मिलिग्रॅम दर डेसिलिटर म्हणजे सुमारे १०६ मायक्रोमोल दर लिटर. शंभराच्या वर गेलेले क्रिएटिनिन पाहून घाबरण्यापूर्वी एकक पाहावे.

• कोलेस्टेरॉल: २०० मिलिग्रॅम म्हणजे ५.२ मिलिमोल.

• ट्रायग्लिसराइड: १५० मिलिग्रॅम म्हणजे १.७ मिलिमोल.

• ड जीवनसत्त्व: २० नॅनोग्रॅम दर मिलिलिटर म्हणजे ५० नॅनोमोल दर लिटर. एकक बदलले की औषध न घेताही आकडा अडीचपट झालेला दिसतो.

• हिमोग्लोबिन: १२ ग्रॅम दर डेसिलिटर म्हणजे १२० ग्रॅम दर लिटर.

• सोडियम व पोटॅशियम: येथे मात्र सुटका आहे. ‘एमईक्यू/एल’ आणि ‘एमएमओएल/एल’ या दोन्हींत आकडा तोच राहतो. कॅल्शियमला हा नियम लागू नाही.

मूत्रपिंडाच्या तपासणीत आणखी एक खाचखळगा आहे. काही प्रयोगशाळा युरिया कळवतात, तर काही युरियातील फक्त नायट्रोजन, म्हणजे ‘बीयूएन’. दोन्ही मिलिग्रॅममध्येच असतात, पण युरियाचा आकडा बीयूएनच्या सुमारे २.१४ पट असतो. मागच्या महिन्यात १४ होते आणि या महिन्यात ३० झाले, असे वाटले, तर आधी तपासणीचे नाव वाचावे. १४ बीयूएन आणि ३० युरिया हे एकच आहे.

लाख, हजार आणि दहाचा घात

पेशी वजनाने मोजत नाहीत, संख्येने मोजतात. येथे घोळ होतो तो शून्यांचा. डेंग्यूच्या दिवसांत प्लेटलेटचा आकडा घराघरांत पाठ होतो. निरोगी माणसात एका घनमिलिमीटर रक्तात साधारण दीड लाख ते साडेचार लाख प्लेटलेट असतात. घनमिलिमीटर आणि मायक्रोलिटर हे एकाच आकारमानाचे दोन शब्द आहेत. आता एक प्रयोगशाळा लिहिते ‘१.८ लाख’, दुसरी ‘१,८०,०००’ आणि तिसरी नुसते ‘१८०’. पण तिसऱ्या ठिकाणी एककाच्या रकान्यात ‘दहाचा तिसरा घात दर मायक्रोलिटर’ असे असते, म्हणजे १८० हजार. तिन्ही रिपोर्ट एकच गोष्ट सांगतात आणि ती समाधानाची आहे. काही ठिकाणी ‘दहाचा नववा घात दर लिटर’ असेही लिहितात. तिथेही आकडा १८०च राहतो.

खरा धोका उलट्या दिशेने आहे. काल एका प्रयोगशाळेत १.५ आणि आज दुसऱ्या प्रयोगशाळेत १२० आले, तर न कळत्याला वाढ झाल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात दीड लाखांवरून एक लाख वीस हजारांवर घसरण झालेली असते. अशा आजारात एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याची चाल महत्त्वाची असते, म्हणून शक्यतो एकाच प्रयोगशाळेत तपासणी करावी.

‘युनिट’ नावाचे फसवे माप

आपल्याकडे सोने तोळ्यात मोजतात. जुना तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा होता. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम असे सर्रास धरले जाते. नाव तेच, माप वेगळे. ‘युनिट’ या शब्दाचे असेच आहे, किंबहुना त्याहूनही अधिक. यकृताच्या तपासणीतील एसजीपीटी ‘यू/एल’मध्ये येते; तिथे युनिट म्हणजे एन्झाइमच्या कार्यक्षमतेचे माप. थायरॉइडच्या टीएसएचमधील युनिट वेगळे, ड जीवनसत्त्वातील वेगळे आणि इन्सुलिनमधील वेगळे. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी ऐकायला प्रचंड वाटते, पण त्यात जीवनसत्त्व असते अवघे दीड मिलिग्रॅम. एका पदार्थाचे युनिट दुसऱ्याला लावता येत नाही. टीएसएचच्या बाबतीत एक दिलासा आहे: ‘मायक्रो-आययू दर मिलिलिटर’ आणि ‘मिली-आययू दर लिटर’ हे एकच आहे, आकडा बदलत नाही.

मात्र या ‘युनिट’ शब्दाची सर्वांत मोठी जोखीम रिपोर्टच्या कागदावर नसून फ्रिजमधल्या इन्सुलिनच्या बाटलीवर असते. आपल्या देशात इन्सुलिनच्या बाटल्या दोन तीव्रतांच्या मिळतात: दर मिलिलिटरला ४० युनिट आणि दर मिलिलिटरला १०० युनिट. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४०च्या बाटलीसाठी लाल टोपणाची आणि १००च्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची. ही जोडी चुकली तर काय होते ते पाहा. १००च्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत औषध भरले, तर अंगात २० नव्हे तर ५० युनिट जातात. वृद्ध, एकट्या राहणाऱ्या व्यक्तीची साखर त्याने जिवावर बेतण्याइतकी उतरू शकते. उलट ४०च्या बाटलीतून नारिंगी टोपणाच्या सिरिंजने २०च्या खुणेपर्यंत भरले, तर जातात फक्त ८ युनिट, आणि साखर का वाढते आहे हे कोणालाच कळत नाही. म्हणून नवी बाटली किंवा नवी सिरिंज आणली की बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा शेजारी शेजारी धरून वाचावा. इन्सुलिन पेनमधील औषध सिरिंजने ओढून कधीही वापरू नये.

याच कारणासाठी घरातील औषधांच्या कागदावर युनिटसाठी एकटे ‘यू’ अक्षर लिहू नये. घाईत लिहिलेला ‘यू’ शून्यासारखा दिसतो आणि ४ युनिटचे ४० होतात. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहिण्यास दोन सेकंदेच लागतात.

एच, एल आणि संदर्भ पल्ला

आकड्याशेजारी ‘एच’ असेल तर तो पल्ल्याच्या वर आणि ‘एल’ असेल तर खाली. परंतु हा पल्ला ठरवताना साधारणपणे १०० निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ जणांचे आकडे घेतलेले असतात. म्हणजे काहीही आजार नसलेले पाच जण त्याच्या बाहेर असतातच. एकाच वेळी वीस-पंचवीस तपासण्या केल्या, तर एखाद-दुसरा आकडा किंचित बाहेर गेल्याचे नवल नाही. याउलट आकडा पल्ल्यात आहे म्हणून सर्व आलबेल, असेही नाही. वर्षभरापूर्वी ०.७ असलेले क्रिएटिनिन १.१ झाले, तर ते पल्ल्यात असूनही विचार करायला लावणारे आहे. पल्ला प्रयोगशाळेगणिक थोडा बदलतो, म्हणून इंटरनेटवरील किंवा शेजाऱ्याच्या रिपोर्टवरील पल्ला आपल्या आकड्याला लावू नये.

काही आकड्यांना एककच नसते. रक्त पातळ ठेवण्याचे वॉरफेरिनसारखे औषध घेणाऱ्यांची आयएनआर ही तपासणी त्यांपैकी एक. ती तुलनेची पट दाखवते, म्हणून तिचा रकाना रिकामा असतो. ती छपाईची चूक नव्हे. अशा रुग्णांसाठी छापील पल्ल्यापेक्षा डॉक्टरांनी आखून दिलेली मर्यादा महत्त्वाची असते.

घरात करण्याजोगे

ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी एक साधी वही करावी. तिच्यात तारीख, प्रयोगशाळेचे नाव, तपासणीचे नाव, आकडा, एकक आणि पल्ला असे सहा रकाने आखावेत. एकक जसे छापले असेल तसेच उतरवावे. स्वतः रूपांतर करून मूळ आकडा पुसून टाकू नये. दोन आकड्यांची तुलना करण्यापूर्वी दोन्हींचे एकक एकच आहे ना, एवढे बोट ठेवून पाहावे. डॉक्टरांना फोन करताना ‘क्रिएटिनिन १०६’ असे न सांगता ‘क्रिएटिनिन १०६ मायक्रोमोल, वरची मर्यादा अमुक’ असे सांगावे, किंवा सरळ रिपोर्टचा पूर्ण फोटो पाठवावा, चारही रकाने दिसतील असा. परदेशातून येणाऱ्या आईवडिलांनी तिथले रिपोर्ट आणि औषधांची मूळ वेष्टने सोबत आणावीत. आणि केवळ आकडा पाहून औषधाचा डोस घरच्या घरी कमी-जास्त करू नये.

अक्षरे बारीक असतात आणि वय वाढले की ती आणखीच बारीक दिसतात, हे खरे. त्यासाठी भिंग घ्यावे, नातवाला हाक मारावी, मोबाइलवर चित्र मोठे करून पाहावे. आजार समजून घेण्याचे काम डॉक्टरांचे आहे; पण ‘कोणत्या मापाने?’ हा प्रश्न विचारण्यास कोणत्याही पदवीची गरज नाही.